आखाजीचं तिकीट

विमानात एकदाही न बसलेल्या माणसाकडून मी विमानाबद्दल जे काही शिकले, ते मला आजवर पुरलं आहे. मंगळवारी तिकीट स्वस्त असतं ही थाप आहे. खिडकीजवळची जागा मागितली की पैसे पडतात, मधली बहुतेक वेळा आपसूक मिळते. हातातली बॅग सात किलोची. ती काट्यावर ठेवतीलच असं नाही, पण ठेवली तर मग गयावया करून उपयोग नाही. हे सगळं मला नंदुरबारकडच्या ब्राह्मणपुरीत एका ओट्यावर चहा पिता पिता कळलं. सांगणाऱ्याच्या पायात प्लास्टिकची चप्पल असायची आणि मानेभोवती प्रवासात घालतात ती फुगीर उशी.

त्यांना सगळं गाव जिभाऊ म्हणायचं. पोरंसोरं, भाऊबंद, दूधवाला, घरात त्यांची स्वतःची लेकसुद्धा. मग मी कोण वेगळी लागून गेले? मी साताऱ्याकडची, जिल्हा परिषदेची मास्तरीण. पहिली दोन वर्षं धडगावात घाटातल्या जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली आणि बदली होऊन सपाटीवर आले, ती जिभाऊंच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून. ते स्वतः तालुक्याच्या हायस्कूलात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. घरची पपई आणि कापूस होता. भूगोलामुळे असेल, त्यांना जगातल्या सगळ्या विमानतळांची नावं पाठ होती आणि सुरतेच्या विमानतळाचं कुंपणही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

रोज सकाळी सात वाजता ते ओट्यावर बसत, चष्मा लावत, मोबाइल हातभर लांब धरत आणि सुरत ते बंगळूर तिकिटाचा भाव पाहत. मग घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “सहा हजार दोनशे. नई परवडस.” आत आक्का, म्हणजे त्यांची बायको, भांडी घासत असत. भांड्यांचा आवाज तेवढा क्षणभर थांबे आणि पुन्हा सुरू होई. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला नाद आहे. कुणाला शेअरचे भाव बघायचा असतो, कुणाला कापसाचे, ह्यांना विमानाचे.

नाद नव्हता तो. बंगळूरला त्यांची एकुलती एक लेक होती. तिथंच नोकरी करायची. मी राहायला येण्याच्या आधीच्या वर्षी तिनं तिथल्याच, कानडी बोलणाऱ्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी फोन केला. आक्कांनी मला पुढं सांगितलं, की जिभाऊ रागावले नाहीत, ओरडले नाहीत. फोन शेवटपर्यंत ऐकला, खाली ठेवला, चष्मा लावला आणि बंगळूरचं तिकीट पाहिलं. म्हणाले, साडेसहा हजार आहे, आत्ता परवडत नाही. त्यानंतर ते लेकीशी बोलले नव्हते आणि भाव पाहणं मात्र एक दिवस चुकलं नव्हतं.

आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस खाऊन झोपायचा दिवस. खान्देशात तीच आखाजी, आणि ती म्हणजे लेकींची दिवाळी. लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण उठून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, बाप किंवा भाऊ. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय पोर निघत नाही, मग ती जात्यावर बसणारी असो की कॉम्प्युटरवर. आणि सण झाला की जावई तिला न्यायला येतो, त्याला कापडं करायची, अशी रीत. ह्या लेकीला भाऊ नव्हता. म्हणजे जायचं तर जिभाऊंनीच. आक्का एकट्या गेल्या असत्या तर लेकीला भेटून आल्या असत्या, पण तिला घेऊन येता आलं नसतं. ते बापानंच करायचं काम होतं. दर आखाजीला तिकीट महाग निघायचं. मे महिन्याच्या सुट्ट्या, लग्नसराई, त्यात ते तसंही स्वस्त कशाला असेल? अंगणातल्या निंबाच्या एका फांदीवर झोक्याच्या दोराचा जुना वळ होता आणि त्या फांदीखाली जिभाऊ आपली मोटारसायकल लावत.

तिकिटांच्या बाबतीत मात्र माणूस पक्का होता. गावातलं कुणी परीक्षेला, मुलाखतीला, दवाखान्याला लांब निघालं की आधी ओट्यावर यायचं. स्वस्त तिकीट खरंच स्वस्त का, ह्यावर ते एक तास बोलू शकत. तिकीट तीन हजाराचं. पण ब्राह्मणपुरीतून नंदुरबार, तिथून रेल्वेनं सुरत, स्टेशनवरून रिक्षा, पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीची लॉज, बॅगेचे वेगळे, पाण्याची बाटली सोन्याच्या भावाची. स्वस्त तिकीट हे सुरतेत राहणाऱ्याला स्वस्त, असा त्यांचा निकाल होता. वर एक वाक्य ठरलेलं: “तिकीट महाग नई ऱ्हास मॅडम, आपली गरज महाग ऱ्हास.”

एकदा शेजारच्या घरात नवीन सून आली आणि दोघा नवराबायकोंनी गोव्याचं तिकीट काढायचं ठरवलं. मुलानं बायकोचं नवं नाव घातलं, स्वतःचं नाव मधे, स्वतःचं आडनाव शेवटी. जिभाऊंनी पैसे भरायच्या आधी बोट धरलं. लग्नपत्रिकेवरचं नाव विमानात चालत नाही, म्हणाले, आधारवर जे असेल ते घाल, नाही तर बायको दारात उभी आणि तू गोव्यात. गावभर हसं झालं. पण मुलाचं तिकीट वाचलं, हेही खरं.

मग ते पॉइंट. एका विमान कंपनीचं आणि बँकेचं मिळून एक कार्ड त्यांनी घेतलं होतं. त्या कार्डानं काही घेतलं की पॉइंट जमा व्हायचे आणि पुरेसे झाले की विमानाचं तिकीट फुकट. जिभाऊ त्याला पुण्य म्हणत. भाऊबंदांत कुणाला ठिबकच्या नळ्या घ्यायच्या असल्या की रोख पैसे ह्यांच्या हातात आणि दुकानात कार्ड ह्यांचं. खताच्या दुकानदाराशी भांडून त्यांनी त्याला कार्डाचं मशीन घ्यायला लावलं. पोरीच्या लग्नाचं सोनं घ्यायला निघालेल्या एका चुलतभावाबरोबर ते शहाद्याला, म्हणजे तालुक्याला गेले, त्याला वाटलं, घरचा वडीलधारा म्हणून आले. पुण्याचीही मुदत संपते, हे त्यांना पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. मुदत संपायला दोन दिवस असताना संदेश आला आणि घाबरून त्यांनी त्या पॉइंटांत मिळेल ते घेतलं. ती मानेची उशी. ती वाया जाऊ नये म्हणून ते ओट्यावर घालून बसत, नंदुरबारच्या एसटीत घालत, आणि एकदा ती घालून गावातल्या एका मयतीला निघाले होते, तेव्हा आक्कांनी दारातच काढून घेतली.

ह्याहून भारी प्रकरण जाकिटाचं. बॅगेचं वजन करतात, माणसाचं करत नाहीत, हे त्यांच्या एक दिवस ध्यानात आलं. झालं. शहाद्यात त्यांचा एक ओळखीचा मुसलमान शिंपी होता, तिसऱ्या पिढीचं दुकान. त्याच्याकडून त्यांनी चौदा खिशांचं जाकीट शिवून घेतलं. आतून सहा, बाहेरून सहा, पाठीत दोन. शिंप्यानं विचारलं, जिभाऊ, हे भरून घातलं तर बसणार कसं? तर म्हणाले, दोनच तासांचा प्रवास आहे, उभ्यानं करीन. उभ्यानं विमान चालत नाही, हे शिंप्यानंच त्यांना सांगितलं. त्याचा पुतण्या आखातात होता. जाकिटात दादरचं पीठ, म्हणजे आमच्या भाषेत रब्बीच्या ज्वारीचं, शिवाय उडदाचे पापड आणि शेंगदाणे न्यायचे असं ठरलं. लाल तिखट मात्र हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि खिशातही चालत नाही, असा नियम त्यांनी शोधून काढला होता. नंदुरबारच्या मिरचीशिवाय लेकीकडे जायचं म्हणजे काय, ह्यावर आक्का त्या दिवशी खरंच चिडल्या.

जाकीट मधल्या खोलीत खुंटीला टांगलेलं असे. कापूस मोजायच्या लटकत्या काट्यावर ते भरून मोजलेलं होतं, सव्वापाच किलो. मी पहिल्या वर्षी पाहिलं तेव्हा गंमत वाटली. दुसऱ्या वर्षी आखाजीनंतर पाहिलं, तर आक्का एकेक खिसा रिकामा करत होत्या. पिठाला जाळी लागली होती. त्यांनी ते चाळलं, आम्ही आठ दिवस त्याच्याच भाकरी खाल्ल्या आणि पुढच्या फाल्गुनात नवीन पीठ भरलं गेलं. मला तेव्हा जिभाऊंचा राग आला. सरळ सांगते, खूप राग आला. एवढं सगळं करायचं आणि एक तिकीट काढायचं नाही, ह्याला काय म्हणावं?

त्याच सुमाराला मला एक शोध लागला. माझ्या भावाला बंगळूरला इंटरव्ह्यूसाठी जायचं होतं. सुट्टीला तो माझ्याकडेच आला होता, म्हणून एका सकाळी मी सुरतेवरून भाव पाहिला. दोन हजार आठशे. खिडकीतून जिभाऊंचा आवाज आला, “सहा हजार चारशे. नई परवडस.” मी दोनदा पाहिलं. तारीख तीच होती. मी मोबाइल घेऊन तशीच मागच्या दारानं आक्कांकडे धावले. जिभाऊंची काहीतरी चूक होतेय, तिकीट निम्म्याहून स्वस्त आहे, असं मला त्यांना सांगायचं होतं. आक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाचा हात वर करून मला गप्प केलं.

“मालूम शे माले,” त्या हळूच म्हणाल्या. “रोज वाढाईसन सांगतस. सांगू द्या. ज्या दिन खरा भाव सांगतीन, त्या दिन मी बॅग भरसू.”

लेक त्यांना रोज दुपारी फोन करायची. खरा भाव तीच कळवायची. म्हणजे बापलेक दोघं रोज सकाळी एकच भाव पाहत होते, एक सुरतेकडून आणि एक बंगळूरकडून, आणि मधे ही बाई भाकऱ्या करत होती. मला वाटलं होतं मी फार मोठं गुपित फोडतेय. माझी आपली हसून सोडून देण्यासारखी अवस्था झाली.

ह्या वर्षी फाल्गुनात पुन्हा तो संदेश आला. पॉइंट महिनाअखेरीला जाणार. ह्या खेपेला उशीएवढे नव्हते, चांगली तीन तिकिटं होतील एवढे होते. जिभाऊ दोन दिवस अस्वस्थ. ओट्यावर आल्यागेल्याला विचारत, कुणाला कुठं जायचंय का? चुलतभाऊ म्हणाला मला बालाजीला पाठवा. जिभाऊ म्हणाले विचार करतो. संध्याकाळी आक्का मेथी निवडत होत्या आणि ते मला समजावत होते, की हे कार्डवाले लबाड असतात. आखाजीच्या आसपास पॉइंटवरची एक जागा सोडत नाहीत, सगळ्या अडनिड्या दिवशी देतात. एवढं कमावलेलं असंच जाऊ द्यायचं म्हणजे जिवावर येतं.

आक्का मान वर न करता म्हणाल्या, “पोर जाऊ दिधी, तर पॉइंटसनं काय घिसन बठनात?”

मी चहाचा कप उचलला आणि माझ्या खोलीत गेले. तिथं थांबण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी केस विंचरत होते. ओट्यावरून आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. “तीन हजार शंभर.” मी हातातली फणी टाकून मोबाइल उघडला. तीन हजार शंभरच होतं. पुढचं “नई परवडस” आलंच नाही. आतली भांडी थांबली, आणि ह्या वेळी लगेच पुन्हा सुरू झाली नाहीत. थोड्या वेळानं खुंटीवरून जड काहीतरी काढल्याचा आवाज आला.

पॉइंटवर जागा मिळाल्या त्या आखाजीच्या तीन दिवस आधी, म्हणजे अमावास्येला. आदल्या दिवशी जायचं, अमावास्येला लेकीला घेऊन परत. अमावास्येला कुणी लेक घरी आणत नाही, म्हणून तर जागा होत्या. जिभाऊंनी विचारल्यासारखं केलं. आक्का म्हणाल्या, ग्रहण असतं तरी चाललं असतं. त्यांनी तीन तिकिटं काढली: जायचं एक, यायची दोन. शहाद्याहून छापून आणली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि संध्याकाळी मला दाखवायला माझ्या दाराशी आले. उशी मानेला होतीच.

मी वाचलं. पहिलं तिकीट त्यांचं. दुसरं त्यांचं. तिसऱ्यावर लेकीचं नाव, मधे जिभाऊंचं नाव, शेवटी जिभाऊंचं आडनाव. माझ्या तोंडून निघून गेलं, “जिभाऊ, लग्नानंतर ताईचं नाव बदललं असेल ना?”

त्यांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा लावून तिसरं तिकीट वाचलं. गावभरच्या सुनांची नावं तपासणारा हा माणूस. आपल्या लेकीचं नाव टाइप करताना त्यांना काही तपासावं असं वाटलंच नव्हतं. तीन वर्षं घरात त्या लग्नाचा उच्चार नव्हता, तर बदललेल्या नावाचा कुठून येणार? त्यांनी तिथंच उभ्या उभ्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं, की पॉइंटच्या तिकिटावर नाव बदलता येत नाही, तिकीट रद्द केलं तर पॉइंट परत यायला चार दिवस लागतील, आणि मुदत तर आज संपतेय. जिभाऊ तिला धन्यवाद म्हणाले. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. विकतचं तिकीट काढा की, तीन हजारांचा तर प्रश्न आहे, असं मी म्हणणार होते. पण तेवढ्यात मला कळलं, की विकतचं काढायचं तरी ताईचं नाव विचारावंच लागणार. आणि आक्कांना विचारून ते भागवू शकले असते. आक्का दारात उभ्या होत्या, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी आपला मोबाइल काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि जिभाऊंच्या पुढं धरला.

लेकीनं “हां माय” म्हटलं. जिभाऊंनी घसा साफ केला. तीन वर्षांनी खाकरणंसुद्धा ओळखता येतं माणसाला.

“बाई,” ते म्हणाले, “तुन्हं नाव काय शे आते?”

त्यांनी घाईघाईनं सुधारलं, “आधारवर. आधारवर काय लिखेल शे?”

“तुम्ही ठेयेल तेच शे, जिभाऊ,” लेक म्हणाली. “मधमा तुमनं नाव, आडनाव तुमनं. मी काहीच बदलं नई.”

जिभाऊंनी पाकिटातलं तिकीट पुन्हा डोळ्यांजवळ नेलं आणि एकेक अक्षर बोटानं मोजल्यासारखं वाचलं. मग मानेची उशी काढून माझ्या हातात दिली. उकडत असावं. आक्का भिंतीला टेकल्या होत्या आणि पदरानं तोंड पुसत होत्या. मी माझं सांगते, मी त्या उशीकडे बघत उभी राहिले, कारण दुसरीकडे कुठं बघायची सोय नव्हती.

“मंग तिकीट चालस,” जिभाऊ फोनला म्हणाले. “मी मुराळी ई ऱ्हायनू. अमावस शे, पन येजो.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं हळूच विचारलं, माझं एकटीचंच तिकीट काढलं का? ती कुणाबद्दल विचारतेय हे आम्हा तिघांनाही कळलं. आक्कांचा पदर तोंडावरच थांबला. जिभाऊंनी निंबाच्या फांदीकडे पाहिलं, तिच्याखाली लावलेल्या मोटारसायकलकडे पाहिलं.

“मुराळी पोरलेच आनस,” ते म्हणाले. “आखाजी व्हयनी का जावाईनी लेवाले येवानी रीत शे. त्याले म्हन, तिकीट आजच काढ. रोज भाव देखत बसू नको म्हन.”